शनिवारची पाच वाक्यं

ताई,

परवा तुझं तेरावं झालं. शिरा बरा झाला होता. तू असतीस तर तूप कमी पडलंय म्हणाली असतीस आणि मी म्हणाले असते, मग तू कर. एवढंसं भांडायलाही आता कुणी उरलं नाही, हे पंगत उठल्यावर माझ्या लक्षात आलं आणि मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

काल दुपारी रुआती आली. जिते गावाच्या पुढे एका वाडीवरच्या मुलींना शिकवते, तिथून गाडी पकडून रोह्याला उतरली आणि पूल ओलांडून अष्टमीला चालत आली. मराठी शिकायच्या पहिल्या आठवड्याची तिची ती वही माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "मावशी, ही तुम्ही ठेवा." वहीबरोबर तिने एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. तुला लिहायची मला सवय नाही. मधली पाच वर्षं तर आपण बोलतही नव्हतो.

आपला अबोला कशावरून होता ते सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. आई शेवटचे सात महिने माझ्याकडे होती. ती गेली तेव्हा श्रावण होता आणि पेणच्या कारखान्यात तुला मान वर करायला वेळ नव्हता. आपले आप्पा गेल्यापासून गणपतींच्या डोळ्यांची आखणी तू एकटी करत होतीस. मी तुला फोन केला तो आई गेल्यावर. तू आलीस, तिच्या उशाशी बसलीस, मग मला विचारलंस, "काल का नाय केलास फोन?" मी म्हणाले, "करत होते, लागतच नव्हता." तू पिशवीतून तुझा फोन काढून माझ्यासमोर धरलास. "दिवसभर मांडीवर होता हा. गिऱ्हाइकांचे लागत होते. तुझाच तेवढा लागला नाय?" मी चूल बघायच्या निमित्ताने आत गेले.

त्यानंतर तू पेणला आणि मी अष्टमीला. लग्नाकार्यात समोरासमोर आलो की तू माझ्या सुनेला सांगायचीस, "तुझ्या सासूला सांग, पदर सुटलाय." आणि मी तिला सांगायचे, "मावशींना सांग, मला दिसतंय." लोकांना गंमत वाटायची. मला वाटत नव्हती. तुलाही वाटत नसणार.

या सगळ्यात ही पोर कुठून आली, हे मी तुझ्याच तोंडून नंतर दहा वेळा ऐकलं आहे. पेणला तुझ्या गल्लीच्या टोकाला त्यांच्या मिशनरी मंडळाने घर भाड्याने घेतलं होतं. नवी पोरं तिथे येऊन आधी भाषा शिकायची आणि मग पुढे खेड्यापाड्यांत जायची. मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टोपी घातलेला गोरा साहेब येतो. ही बावीस वर्षांची, ठेंगणी, मिझोरामची पोर, आईला पहिल्यांदाच सोडून आलेली. त्यांना शिकवणारे सर नगरकडचे, साठीचे, सरळ गृहस्थ. ते तुझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, आम्हाला भरपूर बोलणारी आणि चुकलं की तिथल्या तिथे पकडणारी बाई हवी आहे. गल्लीत सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलं." हे सांगताना तुला केवढा अभिमान! त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, याचा तू कधी विचारच केला नाहीस.

तू अट घातलीस. "तुमचा देव तुमच्याजवळ, माझे देव माझ्या फळीवर. भाषा शिकवीन. बाकीचं मला सांगायला यायचं नाय." सर हो म्हणाले.

सोमवारी ती आली. होळी होऊन आठवडा झाला होता आणि कारखान्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरे गणपती मांडलेले. त्यांच्या मधल्या वाटेत तू तिला पाट दिलास. ती आपल्या धर्माची शिकवण घेऊन एवढ्या लांब आलेली आणि पहिलाच धडा दोनशे मूर्तींच्या घोळक्यात. कुठे बघावं ते कळेना, म्हणून बिचारी जमिनीकडे बघत बसली. तू म्हणालीस, "वर बघ गो पोरी. त्यांना डोळे नाय अजून, ते काय तुला बघत नाय." तिला शब्द कळले नाहीत, पण तू हसलीस म्हणून ती हसली. पुढे कळल्यावर पुन्हा एकदा हसली, ते तिने काल मला सांगितलं.

सरांची रीत वेगळीच होती. व्याकरण नाही, पुस्तक नाही. रोज बाईंनी पाच वाक्यं द्यायची, पोरीने ती कानाने ऐकून तोंडपाठ करायची आणि बाहेर पडून तीच पाच वाक्यं तीस माणसांना म्हणून दाखवायची. प्रत्येक माणसामागे वहीत एक रेघ. संध्याकाळी परत येऊन वही बंद करायची आणि दिवसभरात जे बोललं, जे ऐकलं ते बाईंपुढे म्हणायचं. अर्थ सावकाश कळेल, आधी तोंड वळू दे, असं सरांचं म्हणणं. मला हे पोपटाला शिकवल्यासारखं वाटलं होतं आणि तसं मी तुला म्हणालेही होते.

पहिल्या दिवसाची वाक्यं वहीत इंग्रजी अक्षरांत आहेत. माझं नाव रुआती. मी मिझोरामची. मी मराठी शिकते. मला एवढंच येतं. येते मी. ही घेऊन ती पोह्यांच्या दुकानात गेली, पापडवाल्या बायकांत गेली, एसटी स्टँडवर गेली. लोक कसले ऐकतात? आईबाप काय करतात, लग्न झालंय का, मिझोराम म्हणजे नेपाळ का, पगार किती. ती आपली शेवटचं वाक्य म्हणायची आणि पळायची. पापडवाल्या बायकांनी तिला "येते मी"च म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी त्याच बायका वाट बघत होत्या. "आली गो 'येते मी'. आज काय शिकवलंन ताईने?"

मंगळवारी तू तिला भाजी घ्यायला शिकवलंस. बुधवारी तिने तुझ्याच हेलात भाजीवाल्याला सांगितलं, "कालची आहे ही, मला फसवू नका," आणि तो इतका चपापला की त्याने बदलून दिली. गुरुवारी ती रडली. तीस रेघांपैकी अकरा झाल्या होत्या, पायाला फोड आला होता आणि कोणीतरी तिला चिनी म्हणालं होतं. तू तिला जवळ घेतलं नाहीस, तुला ते कधी जमलंच नाही. तू तिच्या पायाला हळद लावलीस, चहात बुडवायला बटर दिलंस आणि म्हणालीस, "एकोणीस राहिल्या. चल, मी येते बरोबर." दुखऱ्या गुडघ्याने तू एकोणीस दारं तिच्याबरोबर फिरलीस.

गल्लीतल्या एका तरण्याने तुला त्याच दिवशी अडवलं होतं ना? "ताई, मिशनरी घरात घेतलीस? उद्या तुलाच घेऊन जातील." तू म्हणालीस, "मला नेतील नि दोन दिवसांत परत आणून सोडतील." तो हसत गेला. मी मात्र तुझ्याशी हाच वाद पुढे दीड वर्ष घातला. ती शेवटी कशासाठी आली आहे, तुला कळत नाही का? आज भाषा, उद्या काय? तू म्हणायचीस, "तिला जे वाटतं ते ती मला सांगेल, मला जे वाटतं ते मी तिला सांगेन. त्यासाठी आधी बोलता नको यायला?" मला हे उत्तर तेव्हा पुरलं नाही. आजही पूर्ण पुरत नाही. पण पनवेलच्या दवाखान्यात तुझ्या पलंगाशी उभी राहून तिने विचारलं, प्रार्थना करू का, तेव्हा तू नाकातली नळी सावरत म्हणालीस, "कर, पण मराठीत कर, मला कळू दे." तू बरी व्हावीस म्हणून ती बोलली, मध्येच अडखळली, आणि तू म्हणालीस, "सावकाश. देव काय पळून जात नाय." मी तिथेच उभी होते आणि माझ्या मनात काहीही वाद नव्हता.

आता शनिवार.

सहाव्या दिवशी पोरीने एकटीने दुसऱ्या गावी जायचं, ओळखपाळख नसलेलं घर शोधायचं आणि तिथे पाच वाक्यं म्हणून जेवून यायचं, असा त्यांचा नेम. गाव बाईंनी ठरवायचं. तू रोहा ठरवलंस. घर माझं ठरवलंस. वाक्यं कुठली द्यायची हेही तुझ्याच हातात होतं.

मी ओटीवर मोड आलेले वाल सोलत बसले होते. फाटकातून ही आत आली, चपला काढल्या, हात जोडले आणि एका दमात म्हणाली, "तुमची बहीण बरी आहे. तिचा गुडघा दुखतो. ती तुमच्यावर रागावलेली नाही. तिला तुमची आठवण येते. मला जेवायला वाढा."

ताई, तो तुझा आवाज होता. वाक्याच्या शेवटी तू जो हेल वर नेतेस तो, "जेवायला" म्हणताना तुझी जी घाई होते ती, सगळं तसंच्या तसं. पाच वर्षांनी तू माझ्या ओटीवर उभी राहून माझ्याशी बोललीस, ती कधी न पाहिलेल्या एका पोरीच्या तोंडाने. माझ्या हातातलं ताट कलंडलं, वाल ओटीभर झाले. तिला वाटलं तिचंच काहीतरी चुकलं. तिने पाचही वाक्यं पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

मी तिला वाढलं. आमटी, भात, पापड, लोणचं. ती पोटभर जेवली आणि मग माझ्याबरोबर ओटीवरचे वाल वेचायला बसली. मी तुझ्याबद्दल विचारत होते आणि तिला काही कळत नव्हतं, ती नुसती मान हलवत होती. मग तिने वही उघडून पेन्सिल हातात घेतली आणि माझ्याकडे बघत राहिली. माझ्या लक्षात आलं की आता वाक्यं मी द्यायची आहेत.

मी बरी आहे. मला साखरेचा त्रास आहे. आठवण मलाही येते. तू ये. ही चार झाली. पाचवं काय द्यावं? ती वाट बघत होती. तिला अर्थ कळत नव्हता आणि त्यानेच मला धीर आला. मी म्हणाले, "आईने तुझं नाव घेतलं होतं, मी फोन केला नाही."

तिने ते माझ्यामागून म्हटलं. दोनदा अडलं, तिसऱ्यांदा नीट आलं, चौथ्यांदा पाणी वाहावं तसं आलं. ते दुसऱ्याच्या तोंडून एवढं स्पष्ट ऐकल्यावर मी तिच्या वहीवर हात ठेवला. मी घाईघाईने म्हणाले, "हे नको. हे खोड." हाताने रेघ मारून दाखवली. तिने लगेच वहीत त्यावर आडवी रेघ मारली, मी डोळ्यांनी बघितली. दुपारच्या एसटीने ती गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी नऊला तू दारात. हातात पेणच्या पोह्यांची पिशवी, घामाघूम झालेली, गुडघा धरून. "आज पोरीला सुट्टी, म्हणून मीच आले," म्हणालीस. बस्स. पाच वर्षांचं एवढंच. मी पाणी आणलं, तू पोहे निवडून घे म्हणालीस, मी म्हणाले, निवडलेलेच दिसतायत, तू म्हणालीस, तुला कुठे दिसतंय, आणि सगळं पुन्हा सुरू झालं. त्या दिवशी मी किती खूश होते, ते मी तुला सांगितलं नाही. आता सांगते. तू गेल्यावर तू प्यालेला पेला मी संध्याकाळपर्यंत विसळला नाही.

पुढचं दीड वर्ष आपण खूप मजा केली. खोटं कशाला बोलू? महिन्यातून दोनदा तू इकडे, दोनदा मी तिकडे. कारखान्यात बसून तुला डोळे आखताना बघितलं. रुआतीचं मराठी सुधारताना बघितलं आणि तिने तुझे सगळे दुर्गुण उचलले म्हणून तुला चिडवलं. पण त्या आनंदात मला सतत एक चोरटेपणा वाटायचा. मला वाटायचं, ही मला माफ करून बसली आहे, पण कशाबद्दल ते तिला ठाऊकच नाही. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी पुन्हा तोंड फिरवेल.

आणि तू तरी काय! मधूनच विचारायचीस. आईने शेवटी काय खाल्लं? पेज गेली का पोटात? काही बोलली का गो? मी दर वेळी चहाच्या निमित्ताने उठायचे. मला वाटायचं, संशय घेते आहे, उकरून काढते आहे. एकदा तर मी चिडून म्हणाले, "किती वेळा तेच ते विचारशील?" तू ब्रश पाण्यात बुचकळलास आणि म्हणालीस, "बरं, राहिलं." त्या "राहिलं"चा मला तेव्हा राग आला होता.

काल रुआतीने वही उघडून शनिवारचं पान काढलं. पाचवं वाक्य आणि त्यावरची रेघ. मी म्हणाले, "बरं झालं हो तू खोडलंस." तिने त्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मावशी, वहीत खोडलं. तोंडाने सांगितलं."

त्या शनिवारी संध्याकाळी ती तुझ्यापुढे पाटावर बसली, रीतीप्रमाणे वही बंद केली, आणि दिवसभर जे जे बोलली, ऐकली ते सगळं म्हटलं. खोडायचं ते वहीतून, एवढंच त्या दिवशी तिला कळलं होतं. पाचवं वाक्य आल्यावर तू हातातलं काम खाली ठेवलंस. "परत म्हण," म्हणालीस. तिने म्हटलं. तू आणखी एकदा म्हणायला लावलंस. मग विचारलंस, "पुढे काय म्हणाली?" पुढे काही नव्हतं. मग तू तिला विचारलंस, "काय वाढलंन जेवायला?"

म्हणजे रविवारी सकाळी दारात पोहे घेऊन उभी होतीस ती सगळं माहीत असलेली तू होतीस. दीड वर्ष माझ्या हातचा चहा पीत होतीस ती सगळं माहीत असलेली तू. आणि मी तुझ्यापासून काय लपवत होते?

तिला त्या वाक्याचा अर्थ कळायला सहा महिने लागले. कळल्यावर ती घाबरून तुझ्याकडे धावली, मी मोठी चूक केली, मावशींची माफी मागू का? तू तिला गप्प बसवलंस. "तिला सांगू नको. अर्धंच बोललीय ती. का नाय केला फोन, ते बोलायचं राहिलंय. तिचं तिला बोलू दे." रुआतीने तुझा शब्द पाळला. आता तू नाहीस, आणि तिला ते एकटीने सांभाळवेना, म्हणून आली.

तू उकरून काढत नव्हतीस, ताई. तू मला जागा करून देत होतीस आणि मी दर वेळी उठून जात होते. याचा मला किती त्रास होतो आहे, ते मी लिहू शकत नाही. तुझा रागही येतो. एकदा सरळ विचारायचं होतंस, कान धरायचा होतास, लहानपणी धरायचीस तसा. एवढा धीर कशाला धरलास?

तर ऐक. उरलेलं अर्धं मी कुणाला शिकवून पाठवणार नाही.

सात महिने आईचं सगळं मी केलं. अंघोळ, शी-शू, कुशीवर वळवणं, चमच्याने भरवणं. तू महिन्याकाठी यायचीस, दोन तास बसायचीस आणि तू आलीस की तिचा चेहरा उजळायचा. ती जायच्या आदल्या दुपारी मी तिला पेज भरवत होते. तिने माझा हात बाजूला केला आणि दाराकडे बघत म्हणाली, "शैला आली?" मी म्हणाले, "येईल." थोड्या वेळाने पुन्हा, "शैला?" फोन फळीवर होता, हात केला की मिळेल असा. तिला बरं वाटत नव्हतं, ते मला दिसत होतं. मी तो घेतला नाही. सीझन आहे, ताईला कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगितलं, पण ते खरं नव्हतं. मला तिने एकदा नंदा म्हणावं असं वाटत होतं. तू आली असतीस तर मग ते राहूनच गेलं असतं, म्हणून मी तिच्याजवळ एकटी बसून राहिले, दुसऱ्या दिवशी सकाळी ती जाईपर्यंत, आणि तिने मला हाक मारली नाही.